दोनदा वजा

मी फटकळ आहे, हे आमच्या गटात नव्याने येणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. सांगणारे माझेच जुने विद्यार्थी असतात, आणि ते काही खोटं बोलत नाहीत. काम चुकलं की मी बोलते. काम बरोबर असून माणूस मूग गिळून बसला तर त्याहून जास्त बोलते, पण हे दुसरं मात्र टाचणीच्या भानगडीनंतर सुरू झालं.

टाचणी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. किडकिडीत पोरगी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, खोलीत आहे की गेली हेही कळायचं नाही. पण तुमच्या मांडणीत कुठे कच्चं असेल तर नेमकी तिथेच टोचायची. हे नाव कुणी ठेवलं ते आता आठवत नाही. मीच ठेवलं असणार.

आमचा धंदा आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. शिशाची दोन अणुकेंद्रं जवळजवळ उजेडाच्या वेगाने समोरासमोर आणायची आणि आदळायची. आदळली की डोळ्याची पापणी लवायच्याही कितीतरी आत तिथे एक थेंब तयार होतो. थेंबच म्हणायचा, कारण तो पातळ पदार्थासारखा वागतो. लगेच तो फुटतो आणि हजारो कण बाहेर पडतात. हे कण टकरीआधी तिथे नसतातच, टकरीच्या ऊर्जेतून जन्माला येतात. टकरीभोवती एक अवाढव्य यंत्र पिंपासारखं बसवलेलं आहे. कोणता कण कुठल्या दिशेला गेला हे ते टिपून ठेवतं.

आता हे कण जर आपापल्या मर्जीने निघाले असते तर चहूकडे सारखेच उडाले असते. पण केंद्रं बहुतेकदा जरा बाजूबाजूने आदळतात, त्यामुळे थेंब गोल न होता बदामाच्या आकाराचा होतो. बदामाच्या टोकांपेक्षा त्याच्या कुशींकडे जोर जास्त लागतो आणि त्या बाजूंना जास्त कण जातात. सगळे मिळून असे झुकतात, त्याला आम्ही सामूहिक प्रवाह म्हणतो. प्रवाह दिसला की समजायचं, थेंब झाला होता.

टाचणीचा प्रश्न लहान टकरींचा होता. शिशावर शिसं न आदळता एखादा प्रोटॉन आदळला आणि कण हजारो नव्हे, थोडेच निघाले, तर तिथेही थेंब होतो का? आमच्या गटाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे मोठे सर म्हणतो, ते ऐन उमेदीपासून सांगत आले होते की होतो. लोक हसले त्यांना. परिषदांमधून त्यांचं भाषण जेवणाआधी ठेवायचे, म्हणजे प्रश्न विचारायला कुणी थांबू नये. टाचणीने आपली सगळी उमेदीची वर्षं या एका प्रश्नात घातली. उत्तर काय येतं यावर तिचं इथलं पुढचं सगळं अवलंबून होतं, आणि म्हाताऱ्याचं मागचं सगळं.

प्रवाह मोजायची रीत अशी. सगळ्या कणांच्या दिशा बेरजेत घ्यायच्या आणि त्यातून सगळ्यांची मिळून एक दिशा काढायची. मग एकेका कणाला विचारायचं, बाबा रे, तू याच अंगाला गेलास का? इथे घोडं अडतं. तो कण स्वतःच त्या बेरजेत असतो, तेव्हा तो हो म्हणणारच. आमचे हे घरात म्हणतात ना, ‘सगळ्यांचं म्हणणं आहे की पंखा बंद करावा’, आणि त्या सगळ्यांत हे एकटेच असतात, तसलाच प्रकार. म्हणून ज्याला विचारायचं त्याला आधी बेरजेतून वजा करायचं, उरलेल्यांची दिशा काढायची आणि मग विचारायचं. हे विसरलात तर नसलेला प्रवाह दिसायला लागतो. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या डोक्यात मी हे ठोकून ठोकून भरते. आधी स्वतःला वगळ.

दुसरी रीत पेटीची. खरा आकडा प्रोग्राम झाकून ठेवतो. पद्धत पक्की होईपर्यंत तो कुणीही बघायचा नाही. मग सगळ्यांसमोर पेटी उघडायची आणि येईल ते मुकाट्याने घ्यायचं. उघडल्यानंतर पद्धतीला हात लावायचा नाही, कारण हवं ते उत्तर येईपर्यंत माणूस दुरुस्त्या करत बसतो आणि त्याला वाटतं आपण प्रामाणिकपणे काम करतोय. ‘पेटी उघडली की हात खिशात,’ हे मोठ्या सरांचं वाक्य. ते या बाबतीत सख्ख्या भावालाही सोडणार नाहीत.

उघडायच्या दिवशी बैठकीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. टाचणीने आपली खुर्ची शेजारच्या गटातून गंमत बघायला आलेल्या कुणालातरी दिली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. बटण आमच्या प्रोग्रामवाल्याने दाबलं. पडद्यावर ठिपके आले. सगळे शून्याच्या रेषेजवळ. कमी कणांच्या टकरींचे ठिपके जरा खाली, जास्त कणांच्या टकरींचे जरा वर, पण ते सगळं चुकभुलीच्या मर्यादेत. थोडक्यात काय, प्रवाह नाही.

मोठे सर बराच वेळ बघत राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. ‘ठीक आहे,’ म्हणाले, ‘नाही तर नाही. लिहा.’ आणि उठून गेले. मला त्यांच्या पाठीकडे बघवेना. टाचणी मात्र ‘बरं’ म्हणाली आणि दुपारपासून लिहायला बसली. चेहऱ्यावर रेष हलली नाही.

नंतर एकदा माझ्या टेबलाशी येऊन तिने हळूच सांगितलं की एका विमा कंपनीत तिला आकडेमोडीची नोकरी मिळाली आहे. शोधनिबंध पाठवून झाला की पदवी घेणार आणि जाणार.

‘शून्य हेसुद्धा उत्तर असतं,’ मी म्हटलं. ‘त्यासाठी पळून जायचं कारण नाही.’

‘पळत नाही मॅडम. माझ्यावाचून इथे कुणाचं काही अडत नाही.’

मला असला संताप आला. पण रागावून उपयोग नव्हता, ती ऐकून घेते आणि करायचं तेच करते. म्हटलं, हिच्या घरी जाऊन बसावं, घरच्यांकडून तिला दोन शब्द सांगवावेत. तेव्हा रविवारी दुपारी मी माझं मीच जेवणाचं आमंत्रण घेतलं.

टाचणी तिच्या ताईकडे राहायची. ताई कपडे शिवते आणि बेतून देते, भाओजी छापखान्यात कामाला, आणि एक शाळेत जाणारी भाची. जिन्याने वर गेलं की आधी शिलाई मशीन, मशीनला चिकटून जेवणाचं टेबल. टेबलाची एक बाजू भिंतीला टेकलेली आणि चार खुर्च्या. पाचवी ठेवली तर स्वयंपाकघराचं दार उघडणार नाही. मशीनवर अर्धवट उसवलेला कोट पडला होता. ताईने तो उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, ‘मॅडम, बसा ना. आमच्याकडे असाच पसारा असतो.’

मी, भाओजी आणि भाची बसलो. ताई गरम भांडं घेऊन आली आणि टेबलाकडे बघून थबकली. ताटं तीनच होती. भाओजींच्या पुढे एक, भाचीच्या पुढे एक, ताईच्या रिकाम्या खुर्चीपुढे एक. माझ्यासमोर नुसतं टेबल. 

‘अगं, मी चार काढली होती,’ ताई म्हणाली.

‘मी एक परत ठेवलं,’ आतून टाचणीचा आवाज आला. ‘मला वाटलं माझंही काढलंयस.’

‘तुझं कशाला काढीन? तू कधी बसतेस आमच्याबरोबर? तुला सोडूनच काढली होती.’ मग माझ्याकडे वळून ताई हसत म्हणाली, ‘बघा मॅडम, ही इथे आली तेव्हापासून आतच उभ्याने जेवते. खुर्ची अडते म्हणते. आम्ही म्हणून म्हणून थकलो. आता मीसुद्धा हिला धरत नाही. आणि ही पुन्हा स्वतःला कमी करून बसली. झालं ना पाहुण्यांचं ताट गायब.’

भाची खिदळली. मीही हसले आणि हसता हसता थांबले. आदल्या वर्षी आमच्या प्रोग्रामवाल्याने सगळ्यांसाठी एक सामायिक प्रोग्राम नव्याने लिहिला होता. फार शहाणा माणूस, लोक विसरतात म्हणून त्याने बऱ्याच गोष्टी आतच घालून टाकल्या होत्या. त्याने वजाबाकीही आतच घातली असेल तर? आणि टाचणी, जिच्या डोक्यात मी ती ठोकून भरली, ती आपली स्वतःच्या हाताने पुन्हा करणार. मोठ्या टकरीत हजारो कण असतात, तिथे एक कण दोनदा वजा झाला तर कळतही नाही. आमच्या सगळ्या चाचण्या नव्या प्रोग्रामवर मोठ्याच टकरींच्या झाल्या होत्या. लहान टकरीत कण मोजके. तिथे एकच कण दोनदा वजा केला तर बेरीज त्याच्या उलट्या बाजूला झुकते. असलेला प्रवाहही मरतो. आणि कण जितके कमी, तितके ठिपके खाली.

मी ताट न मागता उठले आणि आत गेले. ती ओट्याशी उभी होती, हातात माझ्यासाठी पुसलेलं ताट.

‘वजाबाकी दोनदा झालीय का गं?’

तिने ताट ओट्यावर ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि तिथेच माझ्या लक्षात आलं की हिला हे माहीत आहे.

‘कधी कळलं तुला?’

‘पेटी उघडल्यावर, लगेच. ठिपके नुसते विखुरलेले नव्हते. कणांची संख्या वाढेल तसे वर चढत होते.’

‘आणि तू गप्प बसलीस.’

‘पेटी उघडून झाली होती मॅडम.’ ती हळू बोलत होती, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. ‘शून्य आलं म्हणून मी चूक शोधायला बसले. हवं ते आलं असतं तर शोधली असती का? नसती. आणि आता दुरुस्ती केली तर फायदा कुणाचा? माझाच. ज्याचा फायदा त्याने बोलू नये. मला माझाच भरवसा वाटत नाही त्यात.’

‘दुरुस्त करून बघितलंस?’

‘नाही. हातही लावला नाही.’

मला वाटलं होतं तिचं मन मोडलं म्हणून ती चाललीय. तिचं मन नव्हतं मोडलं. तिने स्वतःला साक्षीदारांतून काढून टाकलं होतं, आणि वर कुणाला त्रास नको म्हणून जागाही रिकामी करून देत होती. मला राग आला आणि तितकंच वाईटही वाटलं.

‘हे बघ,’ मी म्हटलं, ‘तू गप्प बसलीस तर चुकीचा निबंध जगभर जाईल. त्यावर म्हातारा तोंडावर पडेल, तेही फुकट. स्वतःला वगळायचं ते एकदाच गं. मीच सांगितलंय ना, मग मीच सांगते. दुसऱ्यांदा वगळलंस की तेही उत्तर खोटंच येतं.’

‘तुम्ही सांगा ना मग सरांना.’

‘मी नाही सांगणार. तुझं काम आहे, तूच सांगायचं.’

तिने ताट उचलून माझ्या हातात दिलं. जेवण झालं. ती आतच जेवली.

निबंधाचं शेवटचं वाचन त्याच आठवड्यात होतं. पान उलटत उलटत सगळे ‘मान्य, मान्य’ म्हणत चालले होते. मी टाचणीकडे बघत होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. तिने नाहीच तोंड उघडलं तर मी बोलायचं की नाही, हे मी ठरवलेलं नव्हतं. शेवटचं पान आलं. मोठ्या सरांनी विचारलं, ‘कुणाला काही?’

‘मला,’ टाचणी म्हणाली, आणि उभी राहिली. वजाबाकी दोनदा कशी झाली ते तिने साध्या शब्दांत सांगितलं. प्रोग्रामवाल्याचा चेहरा पडला. त्याने तिथल्या तिथे आपला प्रोग्राम उघडून बघितला आणि नुसती मान हलवली.

मोठे सर तिच्याकडे रोखून बघत होते. ‘पेटी उघडल्यावर सापडली ही चूक?’

‘हो.’

‘दुरुस्तीत तुमचा फायदा आहे?’

‘हो. माझाच आहे.’

‘मग आम्ही विश्वास का ठेवावा?’

तिचा आवाज सरळ होता. ‘ठेवू नका सर. खऱ्या आकड्यांना मी अजून हात लावलेला नाही. तुम्ही बनावट टकरी तयार करा, लहान. त्यात प्रवाह किती घातलाय ते कुणाला सांगू नका. जुना प्रोग्राम आणि दुरुस्त केलेला, दोन्ही त्यावर चालवू. दुरुस्त केलेल्याने तुमचा आकडा बरोबर सांगितला नाही तर निबंध आहे तसा पाठवा.’

मोठ्या सरांनी ते मान्य केलं. त्या म्हाताऱ्याने दार लावून स्वतःच्या हाताने बनावट टकरी तयार केल्या, कुणाची मदत घेतली नाही, आणि मला जिन्यात भेटला तेव्हा ताकास तूर लागू दिली नाही.

आम्ही पुन्हा जमलो. आधी जुना प्रोग्राम चालवला. ठिपके शून्याच्या कितीतरी खाली गेले. प्रवाह शून्याहून कमी असूच शकत नाही, म्हणजे चूक होती हे तरी सिद्ध झालं. मग दुरुस्त केलेला चालवला. ठिपके आले आणि सगळे शून्यावर बसले. कमी कणांचे, जास्त कणांचे, सगळेच्या सगळे.

खोलीत चुळबुळ झाली.  म्हातारा प्रवाहासाठी जन्मभर भांडला, त्याने भरपूर घातला असणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. दुरुस्तीही फसली, असंच दिसत होतं. प्रोग्रामवाला बिचारा तिच्या बाजूने म्हणाला, ‘परत एकदा चालवून बघू या का? कुठेतरी काहीतरी राहिलं असेल.’

‘नको,’ टाचणी म्हणाली. ती पांढरीफटक पडली होती. ‘काही राहिलेलं नाही. मी तपासलंय. माझी दुरुस्ती बरोबर आहे. सर, तुमच्या टकरींत प्रवाह नाही.’

हे ती मोठ्या सरांच्या तोंडावर म्हणाली. ज्यांच्यासमोर मीसुद्धा दोनदा विचार करून बोलते.

सर म्हणाले, ‘नाहीच आहे. मी शून्य घातलं होतं.’

कुणीतरी सुटकेचा श्वास टाकला, बहुतेक मीच.

‘प्रवाह मला सगळ्यात जास्त हवाय,’ सर म्हणाले. ‘म्हणून घातला नाही. घातला असता आणि सापडला असता, तर माझाही माझ्यावर विश्वास बसला नसता.’ त्यांनी चष्मा काढला. ‘उद्या सकाळी खरी पेटी पुन्हा उघडू. दुरुस्तीसकट. यानंतर मात्र हात खिशात.’

‘सर,’ टाचणी म्हणाली, ‘उद्या बटण मी दाबणार. मागच्या वेळी मी दाराशी होते.’

दुसऱ्या दिवशी खुर्च्या पुन्हा कमी पडल्या. कुणीतरी दाराशी उभं राहिलं, ती नाही राहिली. पुढे येऊन बसली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि बटण दाबलं. ठिपके आले. शून्याच्या वर, सरळ ओळीत, कमी कणांचे आणि जास्त कणांचे सारख्याच उंचीवर. सरांनी भाकीत केलं होतं त्याहून कमी, पण शून्य नव्हतं. त्या चिमुकल्या टकरींमध्येही थेंब होत होता. मोठे सर पडद्याजवळ जाऊन उभे राहिले आणि एका ठिपक्याला त्यांनी बोट लावलं. मी रडले. लपवलं वगैरे नाही.

गर्दी ओसरल्यावर मी टाचणीला गाठलं. म्हटलं, ‘आता त्या विमा कंपनीला काय तोंड दाखवणार?’

‘त्यांना नाही म्हणून कळवलं. काल संध्याकाळी.’

‘काल? काल कुठे पेटी उघडली होती?’

‘म्हणूनच काल,’ ती म्हणाली. ‘उघडल्यावर ठरवलं असतं तर मला कसं कळलं असतं, मला खरंच राहायचं होतं का ते?’